सहिष्णू कोणाला म्हणावे?

दरवर्षी १६ नोव्हेंबर हा दिवस जगभर सहिष्णुता दिन म्हणून पाळला जातो. १९९५ साली याच तारखेला युनेस्कोने सहिष्णुतेच्या तत्त्वांचा एक जाहीरनामा मान्य केला आणि पुढल्या वर्षापासून हा दिवस पाळण्याची प्रथा पडली. त्या निमित्ताने शाळांतून भाषणे होतात, फळ्यावर सुविचार लिहिला जातो, निबंधाला विषय मिळतो. मुले लिहितात, सहिष्णुता हा फार मोठा गुण आहे. गुण मोठा खराच. पण एखाद्या चौकस मुलाने उठून विचारले, "गुरुजी, सहिष्णुता म्हणजे नक्की करायचं काय?" तर उत्तर देणे वाटते तितके सोपे नाही. गप्प बसायचे? सगळ्यांना बरोबर म्हणायचे? की कोणी थोबाडीत मारली तर दुसरा गाल पुढे करायचा? मोठा शब्द ओळखीचा झाला की त्याचा अर्थ विचारायचे आपण विसरतो. म्हणून आज या एका शब्दाचीच थोडी झडती घेऊ.

पहिली गोष्ट अशी की, हा शब्द आपल्या घरात, ओट्यावर, बांधावर कोणी बोलत नाही. तिथे आपले दुसरे शब्द आहेत. साखर संपली तर आपण गुळावर 'चालवून घेतो'. नव्या सुनेच्या हातून काही राहिले तर सासू 'सांभाळून घेते'. पोराचा अपराध आई 'पोटात घालते'. चैत्र-वैशाखाचे ऊन आपण 'सोसतो'. आणि शेजाऱ्याचे एखादे वागणे मनातून पटत नसले तरी 'खपवून घेतो'. यांतला प्रत्येक शब्द वेगळा आहे, पाहा. चालवून घेण्यात टंचाई आहे. सांभाळून घेण्यात समोरचा दुबळा किंवा नवखा आहे. पोटात घालण्यात समोरच्याचा अपराध गृहीत धरलेला आहे. सोसण्यात आपला इलाज चालत नाही. सहिष्णुतेच्या जवळात जवळ येतो तो 'खपवून घेणे' हा शब्द. पण त्यात कपाळाला आठी आहे, आणि 'एकदा घेतले, पुन्हा घेणार नाही' अशी धमकीही आहे. म्हणजे नेमका शब्द आपल्या घरगुती भाषेत सापडत नाही. तो संस्कृतातून घ्यावा लागला आहे.

तेव्हा संस्कृताकडे जाऊ. 'सह्' हा मूळ धातू. त्याचा अर्थ सोसणे, पेलणे हा आपल्याला ठाऊक आहे. पण वेदकाळच्या भाषेत या धातूचा आणखी एक अर्थ होता. तो म्हणजे वरचढ होणे, जिंकणे. 'सहस्' म्हणजे बळ, आणि आपला 'साहस' हा शब्द त्याच घराण्यातला. म्हणजे सहिष्णुता आणि साहस ही एकाच कुळातली भावंडे आहेत! जो शब्द ऐकताना डोळ्यांपुढे मान खाली घातलेला माणूस येतो, त्या शब्दाच्या मुळाशी बळ आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता त्याचा प्रत्यय पाहा. 'वर्धिष्णू' हा शब्द शिवछत्रपतींच्या राजमुद्रेमुळे आपल्या परिचयाचा आहे. वर्धिष्णू म्हणजे वाढत जाणारा, वाढणे हा ज्याचा स्वभाव आहे असा. 'सहिष्णू' हा त्याच धर्तीवर झालेला शब्द. हा प्रत्यय लागला म्हणजे तीन अर्थ संभवतात, असे पाणिनीच्या व्याकरणात सांगितले आहे. ती गोष्ट करणे ज्याचा स्वभाव आहे तो. ती करणे आपला धर्म, आपले कर्तव्य, असे जो मानतो तो. आणि ती जो चांगली करतो, ज्याला ती साधली आहे, तो. स्वभाव, कर्तव्य आणि कसब. सहिष्णू कोणाला म्हणावे याचे उत्तर या तीन शब्दांत आहे. त्यांच्याकडे आपण शेवटी वळू.

इंग्रजीतल्या 'टॉलरन्स' या शब्दाचे मूळही लॅटिनमध्ये सोसणे हेच आहे. पण आज तो निरनिराळ्या धंद्यांत निरनिराळ्या कामाला लावलेला आहे. लेथवर काम करणाऱ्या कारागिराला विचारा. पंचवीस मिलिमीटरचा दांडा कातायचा असेल तर नकाशावर लिहिलेले असते की, माप इतके शतांश मिलिमीटर इकडे-तिकडे झाले तरी चालेल. या मुभेला तो टॉलरन्स म्हणतो. ही मुभा नसेल तर एकही दांडा पास होणार नाही. आणि ती बेसुमार असेल तर दांडा भोकात बसणार नाही, बसला तर खुळखुळेल. डॉक्टर हाच शब्द वेगळ्या अर्थाने वापरतात. अफूची सवय झालेल्या माणसाला काल जेवढी पुरली तेवढी आज पुरत नाही. शरीराला ती सोसू लागते, म्हणून मात्रा वाढवावी लागते. हे सोसणे काही चांगले नव्हे!

शेतकरी बंधूंना तिसरा उपयोग अधिक जवळचा वाटेल. बियाण्याच्या माहितीत दोन शब्द येतात, रोगप्रतिकारक आणि रोगसहनशील. दोन्ही एकच असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. प्रतिकारक वाण रोगाला आपल्या अंगात पाय रोवू देत नाही. सहनशील वाणावर रोग येतो, पानांवर दिसतो, पण पीक कोलमडत नाही. ते दाणा भरते. समाजाचेही असेच आहे. ज्या गावात मतभेद शिरतच नाही, सगळे एका जातीचे, एका पक्षाचे, एका देवाचे, त्या गावाला सहिष्णू म्हणण्यात अर्थ नाही. त्याची परीक्षाच झालेली नाही. ज्या गावात भेद आहेत, दिसतात, कधी टोचतातही, आणि तरी गावाचे पीक हाती येते, ते गाव सहिष्णू.

आता हे सारे एकत्र करून पाहिले तर सहिष्णुतेला तीन गोष्टी लागतात, असे दिसते. पहिली, समोरची गोष्ट आपल्याला न पटणारी असली पाहिजे. पटतच असेल तर ती आवड झाली, आणि काहीच वाटत नसेल तर ती बेफिकिरी झाली. दुसरी, ती गोष्ट बंद पाडण्याचे थोडेबहुत बळ आपल्या हाती असले पाहिजे. आणि तिसरी, ते बळ आपण समजूनउमजून आवरले पाहिजे. यांतली एक जरी उणी असली तरी वस्तू दुसरीच होते. सावकाराच्या दारात शिव्या ऐकून घेणारा कर्जदार सहिष्णू नव्हे. तो लाचार आहे. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला 'काय सोशीक आहे हो!' असे म्हणून आपण तिचे कौतुक करतो. ती सहिष्णुता नव्हे आणि ते कौतुकही नव्हे. दुसरे बळ जिथे नाही, तिथे हा शब्द वापरणे म्हणजे जखमेला दागिना म्हणणे आहे.

म्हणूनच इतिहासात सहिष्णुतेची खरी उदाहरणे सत्ता हाती असलेल्यांची सापडतात. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अशोकाने गिरनारच्या पायथ्याशी शिळेवर चौदा लेख कोरवले. त्याच मालिकेतल्या आठव्या आणि नवव्या लेखांचे तुकडे आपल्या ठाणे-वसईकडच्या सोपाऱ्याला सापडले आहेत. यांतला बारावा लेख सर्वस्वी याच विषयावर आहे. त्याचा आशय असा की, राजा सर्व पंथांना मान देतो. पण खरी वाढ हवी ती प्रत्येक पंथातल्या साराची, आणि तिचे मूळ जिभेवर ताबा ठेवण्यात आहे. आपल्या पंथाच्या भक्तीपायी जो दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो, तो आपल्याच पंथाची हानी करतो. एका सम्राटाने, ज्याला एका आज्ञेने कोणाचेही तोंड बंद करता आले असते, लोकांना जिभेचा संयम सांगावा आणि एकमेकांचे ऐका म्हणावे, याचे मोल वेगळे आहे.

दुसरी साक्ष आपल्या महाराष्ट्राची, आणि तीही विरुद्ध पक्षाची. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार. शिवाजी महाराजांविषयी त्याची लेखणी कडवट आहे. तरीही त्याला लिहून ठेवावे लागले की, स्वारीत मशिदीला, कुराणाला किंवा कोणाच्या स्त्रीला उपद्रव द्यायचा नाही असा त्यांचा नियम होता. आणि कुराणाची प्रत हाती आली तर ते आदराने ती आपल्याकडील एखाद्या मुसलमान माणसाला देत. लढाई चालू आहे, हातात तलवार आहे, समोर शत्रू आहे, अशा वेळी हात आवरणे याला सहिष्णुता म्हणतात.

पण राजे-महाराजे दूर राहिले. तुमच्या-माझ्या हाती बळ कुठले, असे कोणी म्हणेल. श्रोतेहो, गावाच्या हाती फार मोठे बळ असते. त्या बळाचे नाव आहे 'वाळीत टाकणे'. पाणवठा बंद. दुकानदार माल देईना, न्हावी दाढी करीना. लग्नाला बोलावणे नाही, मयताला खांदा नाही. यात कोणी काठी उगारत नाही, रक्त सांडत नाही, आणि तरीही माणूस जिवंतपणी गावाबाहेर होतो.

अण्णासाहेब कर्व्यांचीच गोष्ट घ्या. ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीजवळच्या मुरूडचे. पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. गावाविषयी त्यांना इतके प्रेम की, गावाच्या हितासाठी 'मुरूड फंड' उभा करण्याची खटपट त्यांनी केली. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. पुढे अण्णासाहेब पत्नीला घेऊन मुरूडला गेले, तेव्हा गावाने सभा भरवून बहिष्काराचा ठराव केला. कर्वे असतील त्या सभेला कोणी बसू नये. आईने त्यांना घरात ठेवून घेतले तर त्या घरावरही बहिष्कार. विचार करा. मुलाने चोरी केली नव्हती, कोणाला फसवले नव्हते. आणि गावकरीही काही दुष्ट माणसे नव्हती. देवाधर्माला भिऊन वागणारी, अडीनडीला धावणारी माणसे ती. त्यांना ते लग्न पटले नाही, यात त्यांचा दोष नाही. न पटण्याचा हक्क सर्वांना आहे. 'आम्हाला हे पसंत नाही' असे ते तोंडावर म्हणाले असते, वाद घातला असता, तरी चालले असते. पण न पटणे आणि आईच्या दाराला कडी घालायला लावणे, यांत जे अंतर आहे तेवढीच सहिष्णुतेची जागा आहे.

अण्णासाहेबांनी उलट शिवीगाळ केली नाही, आणि मागेही फिरले नाहीत. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले. आणि १९५८ साली, त्यांच्या वयाच्या शंभराव्या वर्षी, देशाने त्यांना भारतरत्न दिले. सगळ्यांनाच शंभर वर्षे मिळत नाहीत, हे मात्र विसरू नये. वाळीत पडलेली किती कुटुंबे मुकाट्याने गाव सोडून गेली असतील, त्यांची नोंद कोणी ठेवली आहे?

हा प्रकार जुना झाला असे म्हणण्याची सोय नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला आणि २०१७ साली तो अमलात आला. बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. जातपंचायतीने असो वा भावकीने, कोणालाही असे तोडण्याचा अधिकार नाही. कायदा दाराची कडी काढू शकतो. आत बोलावण्याचे काम मात्र माणसांचे आहे.

इथे एक शंका येईल. सहिष्णुता म्हणजे नुसते आवरून धरणेच का? त्यात कमीपणाची वागणूक नाही का? ही शंका फार थोर माणसाला आली होती. १९३० साली गांधीजी येरवड्याच्या तुरुंगातून दर मंगळवारी आश्रमातल्या मंडळींना एकेका व्रतावर पत्र लिहीत. सहिष्णुतेच्या व्रतावर लिहिताना त्यांनी स्पष्टच सांगितले की, हा शब्द आपल्याला आवडत नाही. दुसऱ्याचा धर्म सोसायचा म्हटले की तो उणा आहे असे आपण धरून चालतो. साताऱ्यात जन्मलेल्या काकासाहेब कालेलकरांनाही तो शब्द रुचला नव्हता. त्यांनी 'सर्वधर्म-आदर' सुचवला. गांधीजींना त्यातही मेहेरबानीची छटा दिसली. त्यांना हवा होता समभाव, बरोबरीचा भाव.

हा बरोबरीचा भाव कसा दिसतो, याचे चित्र त्याआधीच जोतीराव फुल्यांनी रेखाटले होते. त्यांचे 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झाले. त्यात ते एका कुटुंबाची कल्पना मांडतात. बायकोने बौद्ध धर्माचा ग्रंथ वाचून तो धर्म घ्यावा, नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे, मुलाने सत्यधर्मी व्हावे, आणि तरीही चौघांनी एका घरात प्रेमाने नांदावे. आजही हे ऐकून पुष्कळांच्या भुवया वर जातील. मला वाटते, सहिष्णुता हा त्या घराचा उंबरठा आहे. उंबरठ्यावर कोणी संसार करीत नाही, हे खरे. पण तो ओलांडल्याशिवाय आत जाताही येत नाही. आज समभाव जमत नसेल, तर निदान कडी तरी लावू नका.

आता दुसरी बाजू. सहिष्णुतेला मर्यादा आहे की नाही? आहे. लेथवरच्या दांड्याचे उदाहरण आठवा. मुभा बेसुमार झाली की यंत्र खुळखुळते. महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले करावेत असा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. महाडच्या नगरपालिकेने पुढच्याच वर्षी तळे खुले केल्याचा ठराव केला. पण ठराव कागदावर राहिला. गुरेढोरे त्या तळ्यावर पाणी पीत, परधर्मीयांना मज्जाव नव्हता; फक्त या माणसांना होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह तिथे पाणी प्यायले, तेव्हा परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, आणि नंतर तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. प्रकरण कोर्टात गेले आणि १९३७ साली उच्च न्यायालयात तळ्यावरचा हक्क कायम झाला. दहा वर्षे लागली.

अशा वेळी 'आमच्या भावना दुखावतात, तुम्हीच जरा दमाने घ्या' असे वंचितालाच सांगणे, हा सहिष्णुता या शब्दाचा सर्वांत वाईट उपयोग होय. मत सोसावे, चालीरीत सोसावी, पोशाख, जेवण, देव, भाषा, सारे सोसावे. दुसऱ्याच्या तोंडचे पाणी हिरावणारी वागणूक सोसू नये. स्वतःवर आली तर नाहीच, दुसऱ्यावर आली तर मुळीच नाही.

आणखी एक खूण सांगतो. सहिष्णुता द्यायची असते, वसूल करायची नसते. उत्सवातला कर्णा रात्री बारा वाजता चालू आहे. शेजारी परीक्षेचा मुलगा आहे, आजारी म्हातारी आहे. कोणी सांगायला गेले की उत्तर येते, "वर्षातून एकदाच असतं, जरा सहन करा की!" श्रोतेहो, सहन करा असे म्हणण्याचा अधिकार कर्णा लावणाराला नाही. २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. वर्षातल्या मोजक्या दिवशी सरकार थोडी सवलत देऊ शकते, एवढेच. म्हातारीने आपण होऊन कानात बोळे घातले तर तो तिचा मोठेपणा. मागून घेतला तर तो तुमचा हलकेपणा.

मग सहिष्णू माणसाने बोलायचेच नाही का? अवश्य बोलावे. एकनाथमहाराजांच्या नावावर 'हिंदु-तुर्क संवाद' म्हणून एक भारूड आहे. त्यात दोघे एकमेकांच्या धर्मावर अगदी सडकून टीका करतात, काही शिल्लक ठेवत नाहीत. आणि शेवटी समजूत पटून गळाभेट होते. आपल्या शास्त्रीपंडितांचीही एक चांगली रीत होती. खंडन करण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे पूर्वपक्ष म्हणून मांडायचे. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त पहिलेच प्रकरण चार्वाकाचे आहे, जो वेदही मानत नव्हता आणि देवही! चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ राहिले नाहीत. त्यांचे म्हणणे पुष्कळसे विरोधकांच्या पुस्तकांतून आपल्यापर्यंत आले.

शिक्षक बंधुभगिनींनी ही रीत वर्गात उचलावी, अशी माझी विनंती आहे. वादाचा विषय निघाला की मुलाला सांगावे, "आधी दुसऱ्याचं म्हणणं तू सांग. तो 'हो, मी असंच म्हणतोय' म्हणाला, की मग तुझं सांग." करून पाहा. निम्मे वाद तिथेच मिटतात, आणि उरलेले वाद घालण्याजोगे होतात. हीच रीत ग्रामसभेतही चालेल.

आता त्या तीन अर्थांकडे वळू. स्वभाव, कर्तव्य आणि कसब. सहिष्णुता कोणी जन्माला येताना घेऊन येत नाही. लहान मुलाच्या हातातले खेळणे काढून पाहा, म्हणजे पटेल. म्हणून सुरुवात कर्तव्यापासून करावी. मन मानत नसले तरी हात आवरायचा, कडी लावायची नाही, एवढे व्रत धरावे. मग वादाची रीत, जिभेचा ताबा, मर्यादा ओळखण्याची नजर असे एकेक कसब अंगी येते. आणि ते वर्षानुवर्षे केले म्हणजे कधीतरी स्वभाव बनतो. एका माणसाचा, पुढे एका घराचा, आणि नशीब असेल तर एका गावाचा.

आपल्या गावात आज कोणाच्या घरी जाणे-येणे बंद आहे, एवढे प्रत्येकाने मनाशी आठवून पाहावे. असे एखादे घर असेल, तर सहिष्णुतेवरचा निबंध तिथून सुरू होतो.